पुरवणी घ्यावी की न घ्यावी?

आमच्या वेळी परीक्षेत पुरवणी मागणाऱ्या मुलाकडे सगळा वर्ग भीतियुक्त आदराने पाहत असे. मूळ उत्तरपत्रिका आम्ही मोठ्या अक्षरात, दोन ओळींत ऐसपैस अंतर सोडून कशीबशी भरत आणलेली असायची. तेवढ्यात पुढच्या बाकावरून ‘सर, सप्लिमेंट!’ अशी आरोळी उठे आणि पोटात गोळा येई. निकालाच्या दिवशी मात्र त्या आरोळीचा आणि मार्कांचा संबंध असेलच असं नाही, हे उघड होई. कुणाच्या पुरवणीत अख्खा ताळेबंद पैशापर्यंत जुळलेला असे. कुणाच्या पुरवणीत नुसतंच नाव, नंबर आणि नीट बांधलेला दोरा. पुरवण्यांचे हे दोन प्रकार सर्वत्र आढळतात. वर्तमानपत्रांत आढळतात, लग्नातल्या भाषणांत आढळतात आणि कॉम्प्युटरच्या खेळांतही आढळतात.

यातली शेवटची माहिती मला आमच्या चिरंजीवांकडून मिळाली. चिरंजीव तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. एका रविवारी पोहे खाता खाता म्हणाले, “बाबा, एक डीएलसी घ्यायची होती. तुमच्या कार्डावरून.”

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेत क्लार्क. (हल्ली आम्हाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ म्हणतात. पाटी बदलली, खिडकी तीच.) एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, हे मला ठाऊक. शाळेत एलसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तेव्हा डीएलसी म्हणजे डुप्लिकेट दाखला असणार, अशा समजुतीने सौ. स्वयंपाकघरातून ओरडली, “आधीचा कुठं हरवलास?” आमच्या शाखेत तर डीएलसीचा तिसराच अर्थ आहे: डिजिटल लाइफ सर्टिफिकेट. म्हणजे पेन्शनर मंडळींचा हयातीचा दाखला. २०१४ सालापासून तो बोटाचा ठसा देऊन काढता येतो. फक्त सत्तरीपर्यंत बोटं झिजतात आणि ठसा उमटत नाही, एवढीच अडचण.

चिरंजीवांनी खुलासा केला. खेळ आधी विकत घ्यायचा. तो संपला की त्याच खेळाचा आणखी एक भाग इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. त्याचे पैसे वेगळे.

“म्हणजे पुरवणी,” मी म्हटलं. “आमच्या वेळी फुकट मिळायची. वर दोरासुद्धा.”

आता बँकेतला माणूस पैसे देण्यापूर्वी प्रकरण तयार करतो. कर्जदार कोण, पूर्वेतिहास काय, रक्कम कशासाठी, हे पाहिल्याशिवाय मी सौ.ला भाजीचेही पैसे देत नाही, असं सौ.चं म्हणणं आहे. मी पूर्वेतिहासापासून सुरुवात केली.

या धंद्यातलं सर्वांत गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. २००६ सालच्या मार्चमध्ये बेथेस्डा या कंपनीचा ‘ओब्लिव्हियन’ नावाचा खेळ आला. तलवारी, मंतरलेली शस्त्रं, गुहा, भुतं, सगळा सरंजाम. पुढच्याच महिन्यात कंपनीने त्याची पुरवणी काढली. पुरवणीत काय, तर घोड्याचं चिलखत. किंमत अडीच डॉलर. नवा प्रदेश नाही, नवी गोष्ट नाही. तोच घोडा, अंगात झूल. लोकांनी इतकी टिंगल केली की ‘घोड्याचं चिलखत’ हा या क्षेत्रात वाक्प्रचारच होऊन बसला. वर गंमत अशी, की टिंगल करणारे करत होते आणि विकत घेणारे घेत होते. आमच्याकडे नवऱ्या मुलाच्या घोड्यावर जो खर्च होतो तो पाहता, मी तरी अमेरिकनांना हसणार नाही.

त्याच कंपनीने २००७ साली त्याच खेळाला ‘शिव्हरिंग आइल्स’ नावाची दुसरी पुरवणी जोडली. तिच्यात एका वेड्या देवाचं अख्खं राज्य होतं, अर्धं उन्मादाचं आणि अर्धं विषण्णतेचं. (मार्चअखेरीला आमची शाखा साधारण अशीच विभागलेली असते.) खेळ तोच, कंपनी तीच, एक पुरवणी दोऱ्याची, एक मजकुराची.

दुसरं प्रकरण जपानचं. ‘एल्डन रिंग’ हा २०२२ सालचा खेळ. मूळ किंमत ६० डॉलर. त्याची पुरवणी जून २०२४ मध्ये आली, किंमत ४० डॉलर. तिचा लौकिक मोठा, पण प्रवेशाचा नियम असा, की मूळ खेळातल्या रादान आणि मोह्ग नावाच्या दोन महाभयंकर इसमांना लोळवल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. पैसे भरले, पावती मिळाली, तरी दार बंद! मला हा नियम अतिशय आवडला. आम्ही ग्राहकाला नुसतं ‘केवायसी अपुरं आहे’ म्हणतो, तर तो तक्रारवही मागतो.

चिरंजीवांचं प्रकरण या दोहोंपेक्षा निराळं निघालं. त्यांना हवी होती ‘द विचर ३’ या खेळाची पुरवणी. हा खेळ पोलंडचा. वॉर्सातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीने २०१५ च्या मे महिन्यात काढलेला, आंद्झेई सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथा-कादंबऱ्यांच्या आधाराने. नायक गेराल्ट. पांढरे केस, पाठीवर दोन तलवारी, धंदा राक्षस मारण्याचा. गावोगाव हिंडायचं, कुणाच्या विहिरीतली हडळ, कुणाच्या शेतातला पिशाच्च निपटायचा आणि ठरलेल्या पैशांसाठी वर घासाघीस करायची. गावकरी काम झाल्यावर हात आखडतात. थोडक्यात, फिरतीची नोकरी, भत्ता अनिश्चित.

पूर्वेतिहास स्वच्छ होता. या कंपनीने खेळासोबत सोळा लहानसहान पुरवण्या फुकट वाटल्या होत्या. आणि वाचकहो, त्यांत घोड्याचा साजसुद्धा होता. पैसे घेतले ते फक्त दोन मोठ्या पुरवण्यांचे. पहिली ‘हार्ट्स ऑफ स्टोन’, ऑक्टोबर २०१५, सुमारे १० तासांची, किंमत ९.९९ डॉलर. दुसरी ‘ब्लड अँड वाइन’, मे २०१६, सुमारे २० तासांची, किंमत १९.९९ डॉलर. कॉमर्सच्या माणसाला इथे गणकयंत्र लागत नाही. ताशी एक डॉलर, एक सेंट कमी. दोन्हींचा एकत्र पास २४.९९. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खेळ आणि दोन्ही पुरवण्या एकत्र बांधलेली आवृत्तीही आली. म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्याने थांबून जुडीच घ्यावी. मुदत ठेवीचं तत्त्व सगळीकडे लागू पडतं.

मंजुरीपूर्व तपासणी म्हणून मी चिरंजीवांच्या शेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलो. पहिली पुरवणी त्यांच्याकडे आधीच होती. ती पाहून तर मला वाटलं, ही आमच्या कर्ज विभागातल्या कुणीतरीच लिहिली असावी. एक उमराव एका सैतानाशी करार करतो. अट अशी, की उमरावाच्या तीन इच्छा पुऱ्या झाल्यावर दोघे चंद्रावर उभे राहतील तेव्हाच वसुली. चंद्रावर कोण जातंय, म्हणून उमराव निर्धास्त. शेवटी सैतान त्याला गाठतो एका पडक्या देवळात, जिथे फरशीवर चंद्राचं चित्र काढलेलं आहे! बारीक अक्षरातल्या अटी न वाचण्याचे परिणाम. याचं मूळ पोलंडच्या लोककथेत आहे. तिथल्या पान त्वार्दोव्स्कीने सैतानाला सांगितलं होतं, माझा आत्मा फक्त रोममध्ये न्यायचा. आणि सैतानाने त्याला पकडलं ‘रोम’ नावाच्या खानावळीत. आमच्याकडे ‘काशी’ नावाच्या लॉज किती आहेत, याचा विचार करून मी जरा सावरून बसलो.

दुसरी पुरवणी मंजूर केली. सवलतीचे दिवस होते. दोन मसाला डोसे आणि एक कॉफी एवढ्यात काम झालं.

हिच्यात तूसाँ नावाचा नवाच प्रदेश आहे. मूळ खेळात लढाई, दलदल, पाऊस आणि फासावर लटकलेली माणसं. इथे ऊन, द्राक्षमळे आणि अदबीने बोलणारे सरदार. इथल्या राजधानीत एक बँकही आहे. गेराल्ट त्या बँकेत जातो, तर त्याचं खातं गोठवलेलं! कारण? बँकेच्या दप्तरी खातेदार मयत. समोर सहा फुटांचा गडी दोन तलवारी लावून उभा आहे, आणि खिडकीतला कर्मचारी त्याला शांतपणे परवाना ए-३८ आणायला सांगतो. मग या खिडकीवरून त्या खिडकीवर. चिरंजीव हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेताला आले. मी हसलो नाही. खिडकीतल्या माणसाची बाजू कुणीतरी घ्यायला हवी. दप्तरी मयत म्हणजे मयत. गेराल्टने फक्त एक कागद आणायला हवा होता, आणि तो कोणता, हे त्या घरात मला एकट्यालाच माहीत होतं: डीएलसी. आमच्या शाखेतली.

पण पैसे वसूल झाले ते इथे नाही.

गेराल्टला तूसाँची राणीसाहेब एका कामगिरीच्या मोबदल्यात एक मळा देते, कॉर्वो बियांको. मळ्यात घर, घरात कारभारी. मूळ खेळात शंभर तास हिंडलेल्या माणसाला स्वतःचं असं छप्पर नव्हतं. ते मिळतं पुरवणीत. मी वीस वर्षं लोकांच्या गृहकर्जाचे कागद हाताळतोय. स्वतःचा हप्ता अजून चालू आहे. घराची किल्ली हातात पडताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मला पाठ आहे. इथे ना प्रोसेसिंग फी, ना सर्च रिपोर्ट, ना हमीदार, आणि त्या दगडी चेहऱ्याच्या माणसाला आपल्या अंगणात उभं पाहून मला आमच्या एखाद्या कर्जदारासारखाच आनंद झाला. मग आम्ही दोघांनी मिळून ते घर लावलं. तबेला दुरुस्त केला, औषधी झाडांची बाग केली, पाहुण्यांची खोली केली. पलंग चांगला घेतला. त्यावर झोपून उठलं की गेराल्टची प्रकृती वाढते. सौ.ही येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भिंतीवरचं ते चित्र जरा डावीकडे हवं.” तीन माणसं एका पडद्यासमोर, टीव्हीवरच्या मालिकेचं भांडण सोडून, पहिल्यांदाच एकमताने बसलेली.

ही पुरवणी मूळ खेळ न खेळताही थेट सुरू करता येते, तशी सोय आहे. पण तसं करू नये. आधी चिखल तुडवल्याशिवाय त्या अंगणाची किंमत कळत नाही. २०१६ साली ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये तिला त्या वर्षीचा सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळ म्हणून बक्षीस मिळालं. भल्याभल्या मूळ उत्तरपत्रिका मागे टाकून पुरवणी पहिली!

तेव्हा कुणी मला विचारलं, की अशी पुरवणी घ्यावी का, तर मी किंमत नंतर पाहायला सांगतो. आधी पाहावं, मूळ खेळात काय राहून गेलं होतं आणि ते हिच्यात आहे का. काहीच राहिलं नसेल, तर ते घोड्याचं चिलखत. राहिलेलं मिळत असेल, तर ताशी डॉलर महाग नाही.

शेवटी गेराल्टच्या मळ्यावर कुणीतरी येतं. कोण येणार, हे तुम्ही आधीच्या खेळात कुणाशी कसे वागलात यावर ठरतं. आमच्या डावात सिरी आली, त्याने लेकीसारखी वाढवलेली. घोड्यावरून आली, जरा बसली, बोलली. चिरंजीवांनी कॉम्प्युटर बंद केला आणि कुणीच काही बोललं नाही.

जुलैत चिरंजीव नोकरीसाठी बंगळुरूला गेले. परवा सौ. म्हणाली, “त्याची खोली रिकामीच आहे. शिलाई मशीन तिथं हलवू या का?”

मी म्हटलं, “मशीन आहे तिथंच बरं आहे. त्या खोलीतला पलंग तेवढा बदलू या.”