बॅटरीचा मिताहार

छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविल्यावर उतारवयांत एका निर्जीव पेटीकडून धडा घ्यावा लागेल, असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. पण तसें घडलें खरें. आणि तो धडा आमच्या सूनबाईनें मला समजावून दिला, हेंहि आरंभींच सांगून टाकतों.

तीन वर्षांपूर्वीं चिरंजीवांनीं मला विजेची सायकल घेऊन दिली. माझे गुडघे कुरकुरूं लागले होते आणि वाचनालयाचा रस्ता चढाचा. दांडीवर बसविलेली तिची बॅटरी ३६ व्होल्टची. ती पूर्ण भरण्यास पांच तास लागत, पण विजेचें अर्धें युनिटहि खर्चीं पडत नसे. एवढ्याशा शिध्यावर ती मला आठवडाभर वाहून नेई!

पानांत कांहीं टाकूं नये आणि घरांत भांडें रिकामें ठेवूं नये, हे दोन्ही संस्कार माझ्या अंगीं लहानपणापासून मुरलेले. तेच मीं बॅटरीला लावले. सायकल पार थकून उभी राहीपर्यंत तिला भरावयास लावीत नसें; आणि एकदां लावली कीं रात्रभर लावलेलीच. भर उन्हांतून आलों तरी तापलेली बॅटरी त्याच पावलीं विजेला जोडीत असें. दोन वर्षें सरतात न सरतात तोंच ती चौथ्या दिवशीं धापा टाकूं लागली. मीं मनांतल्या मनांत विकणाऱ्याला दोष देऊन मोकळा झालों.

अशांत गेल्या वैशाखांतली ती रात्र आली. बॅटरी नेहमींप्रमाणें जिन्याखालीं, बाहेरच्या दाराशीं भरावयास लावलेली होती. चार्जरवर धूळ बसूं नये म्हणून मीं त्यावर एक जुनी गोधडी टाकली होती. सूनबाई मध्यरात्रीं पाणी प्यावयास उठली, तों तिला जळकट वास आला. तिनें आधीं बटण बंद केलें, मग गोधडी उचलली. चार्जरला हात लाववत नव्हता आणि गोधडीची एक कड तपकिरी झाली होती. मी जागा होऊन, "एवढें काय झालें?" म्हणून जरा चिडूनच विचारलें. तिनें उत्तर दिलें नाहीं. फक्त माजघराकडे पाहिलें. तेथें माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई व तिच्या कुशींत नात झोपली होती. बाहेर पडावयास घराला दार तेवढें एकच!

ती रात्र मीं जिन्याच्या पायरीवर बसून काढली.

सकाळीं चहा ठेवतांना सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमचे नियम खोटे नाहींत; ते दुसऱ्या बॅटऱ्यांचे आहेत." इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी सदा भरलेली असली कीं टिकते. जुन्या निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या अधूनमधून पुरत्या रिकाम्या कराव्या लागत. लिथियमचें या दोहोंहून निराळें. तिचा कोश तुडुंब भरला म्हणजे ४.२ व्होल्टवर ताणलेला असतो. त्या ताणांत, विशेषतः उष्णतेंत, तो आंतून लवकर झिजतो. अगदीं रिकामा पडून राहिला तरी बिघडतो. शिवाय त्याच्या आंतला द्रव पेट घेणारा. २०२३ सालीं न्यूयॉर्क शहरांत अशा बॅटऱ्यांच्या आगींत १८ माणसें दगावलीं, हें तिनें मला वाचून दाखविलें.

त्या दिवसापासून बॅटरीचा आहार मीं बांधून दिला आहे. पांच रेघांपैकीं दोन उरल्या कीं भरावयाची, चार झाल्या कीं थांबावयाचें. बॅटरी १० अँपिअर-तासांची, चार्जर २ अँपिअरचा. तेव्हां त्रैराशिकानें दोन रेघांना सुमारें दोन तास होतात. गजराचें घड्याळ लावून मी जवळच बसतों. जागा मागल्या पडवींतल्या फरशीवर, दारापासून दूर, वेळ दिवसाची, वर कांहीं झांकावयाचें नाहीं. उन्हांतून आल्यास आधीं तिला निवूं द्यावयाचें. चार्जर सायकलीच्या कंपनीचाच नवा आणला. कोशांचा समतोल साधावा म्हणून महिन्यांतून एकदां ती पूर्ण भरतों, आणि लेकीकडे महिनाभर जावयाचें झाल्यास अर्धी भरून सावलींत ठेवतों.

गेलेली शक्ति परत आली नाहीं. ती येतहि नसते. पण वर्षभरांत बॅटरी त्याहून फारशी खालावलेली नाहीं. या बॅटरीच्या संशोधनाबद्दल २०१९ सालीं नोबेल मिळालेल्या तिघांपैकीं गुडइनफ हे तेव्हां ९७ वर्षांचे होते. मग सासष्टाव्या वर्षीं मीं सुनेकडून चार गोष्टी शिकावयास काय हरकत आहे?

आतां तिन्हीसांजेला दिवा लावतांना आई विचारते, "जेवली का रे तुझी बॅटरी?"

"जेवली, आई," मी सांगतों, "दोन घांस कमीच."