नातवाचं ‘कॅच्ड’

इंझोरी, ता. मानोरा, जि. वाशीम

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

सोयाबीन घरात आलं, तूर फुलावर आहे. नातू सुट्टीत रमला आहे. ‘टीच्ड’, ‘कॅच्ड’ लिहून त्यानं इंग्रजीच्या चाचणीत गुण घालवले, याचा तुला घोर लागलेला फोनवर जाणवला. म्हणून सविस्तर लिहितो.

शेवटी ‘ईडी’ लावलं की भूतकाळ होतो, हा नियम पोराला उमगला आणि त्यानं तो सगळीकडे लावला. मराठी बोलायला लागला तेव्हाही ‘बसलं’, ‘उठलं’ ऐकून तो ‘मी करलं’ म्हणायचा. आज बिनचूक ‘केलं’ म्हणतो, ते काही तक्ता पाठ करून नव्हे. घरात ते दिवसभर कानावर पडत होतं.

आपल्या भाषेतही अशी आडवळणाची रूपं आहेत. ‘जाणे’ संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आलं, पण ‘गेला’ आलं ‘गत’वरून. इंग्रजीत तोच प्रकार. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ या वेगळ्याच क्रियापदाचा.

ही रूपं टिकतात ती वापरामुळे. हार्वर्डच्या संशोधकांनी जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदं तपासली. २००७ साली ‘नेचर’मध्ये त्यांनी मांडलं की त्यांतली ९८च आज अनियमित उरली आहेत. वापर कमी असलेली लवकर नियमाला लागली. ‘हेल्प’चं पूर्वी ‘होल्प’ व्हायचं, आता ‘हेल्प्ड’ होतं. बी, हॅव, डू, गो, से, सी, टेक, गेट ही सदा तोंडात असणारी मात्र हटली नाहीत. म्हणून सुरुवात यांच्यापासूनच करावी.

पुढची क्रियापदं एबीसीडीच्या क्रमानं घोकायला लावू नकोस, नादावरून गट पाड. सिंग-सँग-संग, रिंग-रँग-रंग, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक एकत्र. कीप-केप्ट, स्लीप-स्लेप्ट एकत्र. बाय-बॉट, ब्रिंग-ब्रॉट, टीच-टॉट, कॅच-कॉट एकत्र. कट, पुट, शट तर बदलतच नाहीत.

संध्याकाळी ओट्यावर मी त्याला दिवसभराची हकिकत इंग्रजीत विचारतो. परवा म्हणाला, “आय कॅच्ड अ गोट.” मी चूक काढली नाही, एवढंच विचारलं, “यू कॉट अ गोट? व्हेअर?” लगेच उत्तर आलं, “आय कॉट इट निअर द वेल!” रूप वाक्यातून गेलं की जिभेवर बसतं. सुटा शब्द परीक्षेपुरता राहतो.

राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे. पण ती वहीतच राहिली आणि घरात कोणी बोललंच नाही, तर खेड्यातलं काय नि शहरातलं काय, पोर बुजणारच. तेव्हा गुणांवरून त्याला रागावू नकोस. रोज जेवताना ‘आज काय काय केलं’ हे त्याच्याकडून इंग्रजीत ऐकून घे, आणि तो चुकला तर तेच वाक्य नीट करून त्याला परत ऐकव.

तुझे,
बाबा