कापसाची लेक

हिंगणघाटच्या कापसाचं नाव सांगणाऱ्या वर्धा जिल्ह्यात तरी तिला कुणी परकी म्हणू नये. मूकपटाच्या फितीचं माहेर कापसाचंच. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करायची, त्यात कापूर घालायचा, की पारदर्शक, लवचीक सेल्युलॉइड तयार. अंगकाठी 35 मिलिमीटर, स्वभाव कमालीचा तापट. पेटली की पाण्यात बुडवूनही विझत नाही. जळायला लागणारा प्राणवायू ती स्वतःच्याच पोटात बाळगते. म्हातारपणी आकसते, चिकट होते आणि शेवटी तिची भुकटी होते.

बोलत मात्र नाही. तरी नवरा-बायकोच्या कुरबुरी तिने भर बाजारात मांडल्या. 1908-09 मध्ये अमेरिकेच्या बायोग्राफ कंपनीत दिग्दर्शक ग्रिफिथने जोन्स दांपत्याच्या संसारावर छोटे विनोदी पट काढले. जोन्सबाई झाली होती फ्लॉरेन्स लॉरेन्स. कंपनी नटांची नावं जाहीर करत नसे, म्हणून प्रेक्षकांसाठी ती नुसती 'बायोग्राफ गर्ल'.

इकडे मुंबईत दादरला दादासाहेब फाळक्यांच्या घरी फीत आली ती कोरी, बिनभोकांची. कडेला भोकं नसतील तर कॅमेऱ्यात ती जागची हलत नाही आणि उजेड तर तिला मुळीच खपत नाही. मग त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री अंधारात बसून भोकं पाडत. एका फुटाला दोन्ही कडांची मिळून 128. फाळक्यांचा मूकपट 'राजा हरिश्चंद्र' भरला 3,700 फूट. म्हणजे तेवढ्या लांबीला जवळजवळ पावणेपाच लाख भोकं. दिवसा चित्रपटाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्याच बघत. दागिने तर केव्हाच गहाण पडले होते.

चित्रपटातही नवऱ्याच्या वचनापायी सारं सोसणारी बायको होतीच. पण हरिश्चंद्राची राणी तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके लुगडं नेसून उभे राहिले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांनी हा संसार पाहिला. फाळक्यांच्या घरचा संसार त्याच फितीच्या कडांवर भोकाभोकांत होता, पण कडा पडद्यावर दिसत नाहीत.

म्हणून 'राजा हरिश्चंद्र'चा विषय निघाला की दादासाहेबांच्या जोडीने सरस्वतीबाईंचंही नाव घ्यावं. त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय ही फीत एक पाऊलही पुढे सरकली नसती.