पायगाडीवरून तीन खोरी

माझा एक पुतण्या शिक्षणानिमित्त दोन वर्षे इंग्लंडात होता. परतल्यावर त्याने घरी जी अनेक वर्णने ऐकवली, त्यांत डर्बीशायर परगण्यातील सायकलप्रवासाचे वर्णन लहानथोरांना विशेष आवडले. तिकडे चुनखडीच्या डोंगरांतून वाय नदीने खोल खोरे कोरले आहे, आणि त्या खोऱ्यातून पूर्वी आगगाडी धावत असे. 1968 साली तो लोहमार्ग बंद झाला. पुढे रूळ उखडून 1981 साली त्याची पायवाट करण्यात आली, आणि 2011 साली बोगदेही खुले झाल्याने आता त्यांतून सायकलस्वार खुशाल जातात. आगगाडीच्या इंजिनाला तीव्र चढ मानवत नसल्यामुळे असा मार्ग स्वभावतःच सौम्य असतो. सत्तरीचे आजोबा आणि सात वर्षांची नात एकाच वेगाने त्यावरून जाऊ शकतात, असे पुतण्या म्हणे.

हे ऐकून आमच्या मातोश्रींनी एक प्रश्न विचारला. "आपल्या आंबेगावाला अशी वाट आहे का रे?"

मातोश्रींचे आजोळ आंबेगावचे. हल्लीच्या आंबेगाव तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. नाव कागदोपत्री उरले आणि गाव तळाशी गेले, असा हा प्रकार आहे. ऐंशी ओलांडलेल्या मातोश्रींनी ते गाव बुडाल्यानंतर पाहिलेले नाही. "तुम्ही दोघे सायकलवर जाणारच असाल तर एवढे पाहून या, की नदीकडे जाणारी वाट कोठे दिसते का," असे त्यांनी सांगितले, आणि आमच्या सहलीला एकाएकी कार्य प्राप्त झाले.

पाणी उतरलेले पाहायचे तर वैशाख अखेरीसच जावे लागते. सायकलीला हा काळ अगदी प्रतिकूल. पण पावसाळ्यात या डोंगरांवर जी गर्दी लोटते ती पाहता, ऊन पुरवले असे मला वाटते. सायकली टेम्पोत घालून आम्ही पहाटे नारायणगावास उतरलो.

येथे एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे. जुन्नर-आंबेगावात चुनखडीचे डोंगर नाहीत आणि टाकून दिलेला लोहमार्गही नाही. डोंगर आहेत ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांचे, काळ्या पाषाणाचे. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून तिकडे गुहा आपोआप होतात; आमच्या पाषाणात गुहा हवी असेल तर छिन्नी धरावी लागते, आणि जुन्नरच्या परिसरात ती दीडशेहून अधिक लेण्यांत धरली गेली आहे. लोहमार्गाचे म्हणावे तर पुणे-नाशिक गाडीची चर्चा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. नारायणगावाजवळ खोडद येथे 45 मीटर व्यासाच्या 30 दुर्बिणींचा जो प्रचंड समूह आकाशातील रेडिओ लहरी टिपतो, त्याच्या कामात व्यत्यय येईल म्हणून त्या मार्गाच्या एका आखणीला शास्त्रज्ञांनी हरकत घेतली. आगगाडी येण्यापूर्वीच तिला ताऱ्यांनी अडवले, असा दुसरा प्रांत माझ्या ऐकिवात नाही!

मात्र टाकून दिलेली वाट येथे आहे, आणि ती कोणत्याही लोहमार्गाहून थोर आहे. जुन्नरहून पश्चिमेस माणिकडोह जलाशयाचा शेजार धरून, चावंड किल्ल्याखालून घाटघरास जाणारा रस्ता नाणेघाटाच्या माथ्यावर संपतो. अंतर सुमारे तीस किलोमीटर. ऊन चढण्यापूर्वी पोहोचावे या हेतूने आम्ही जुन्नरातला मुक्काम दुसऱ्या दिवशी पहाटेच सोडू म्हणत होतो. पण मुक्कामाच्या यजमानांनी बाहेर पडू दिले नाही. "उजाडल्याशिवाय सायकल काढायची नाही. उसात बिबट्या आहे," ते म्हणाले. हा बाऊ नव्हे. उसाच्या फडात बिबट्यांची पिल्ले होतात, आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहास निवारा केंद्रच चालवावे लागते. आम्ही मुकाट्याने चहाचा दुसरा पेला घेतला.

वाटेत पूर गावचे कुकडेश्वराचे जुने दगडी देऊळ लागते. कुकडीचा उगम येथलाच. सावली आणि थंडगार फरशी यांमुळे तेथून उठवेना. पुढे रस्ता चढउतार करीत जातो, आणि माझ्या गुडघ्यांनी त्या प्रत्येक चढाची वेगळी नोंद ठेवली आहे. शेवटी पठार सपाट होते, आणि मग जमीनच संपते. समोर कोकण.

घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे नाणे त्यात टाकीत, अशी परंपरा सांगते. थोडे खाली उतरले की सातवाहनांनी कोरविलेली गुहा येते. भिंतींवर ब्राह्मी लिपीत नागनिका राणीचा लेख आहे. त्यात यज्ञांची नावे आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद आहे. ही मोजदाद अंकांत असल्यामुळे, भारतीय अंकांच्या इतिहासात या भिंतीला फार मान आहे. मागच्या भिंतीपाशी राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्यांची नावे वर शिल्लक आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. दोन हजार वर्षांनंतर राजांची पावले तेवढी उरावीत आणि तीही एका घाटवाटेवर, हे मला उचित वाटले.

याच वाटेने कल्याण बंदराचा माल जुन्नरास चढे. 1863 साली बोरघाटातून आणि 1865 साली थळघाटातून आगगाडी वर आली, तेव्हा आजूबाजूच्या घाटांतील बैलांच्या तांड्यांचे दिवस भरले. म्हणजे डर्बीशायरात आगगाडी गेली आणि वाट उरली. आमच्याकडे आगगाडी आली आणि वाट पडली. पुतण्याला ही तुलना इतकी आवडली की सायकल खांद्यावर घेऊन घाट उतरण्याचा त्याने विचार बोलून दाखवला. मी त्याला रांजणाकडे बोट दाखवून सांगितले, की आधी जकात भर.

तिसऱ्या दिवशी आम्ही मीना नदीचे खोरे ओलांडून घोडेगाव गाठले. कुकडी, मीना आणि घोड या तिन्ही नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे नदीच्या काठाने जाणाऱ्याला सुख आणि एका खोऱ्यातून दुसऱ्यात जाणाऱ्याला धाप, हा या मुलुखाचा नियम आहे. त्या दिवशी अकरा वाजता एका बोडक्या चढावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुतण्याने मला बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसवले, डोक्यावर पाणी ओतले आणि "काका, आता टेम्पो बघू," म्हणाला. मी नको म्हटले. हा शुद्ध हट्ट होता. वयस्कर वाचकांनी त्याचे अनुकरण करू नये.

घोडेगावाहून शिनोलीवरून डिंभे. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले आहे. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या लॉरीपुढे ज्यांनी देह ठेवला, ते याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. धरणाच्या पुढे रस्ता पाण्याच्या कडेने जाऊ लागला तसे एक कोडे माझ्या ध्यानात आले. हे नदीचे खोरे. मग इतका चढउतार कशाला? डोंगराची प्रत्येक सोंड आली की रस्ता वर चढतो, ओघळ आला की खाली येतो. उत्तर डाव्या-उजव्या बाजूस नव्हते, खाली होते. खोऱ्याची सपाट जमीन पाण्यात गेली, आणि तिच्यासह नदीकाठच्या सपाट वाटाही. उरलेल्या माणसांना आणि रस्त्यांना डोंगराच्या उतारावर सरकावे लागले. पुतण्याने वर्णिलेली ती सौम्य वाट आमच्याकडेही होती, फक्त ती आता पाण्याखाली होती.

पाणी बरेच मागे हटले होते. उघड्या पडलेल्या गाळपेरीच्या जमिनीवर कोणी शेवटचे पीक काढीत होते. मासेमारीची जाळी उन्हात पसरून बसलेल्या एका महादेव कोळी वृद्धाला आम्ही आंबेगाव विचारले. त्याने काही न बोलता हात केला. भेगाळलेल्या चिखलात घरांच्या जोत्यांचे दगड ओळीने दिसत होते. "कोणाचे घर?" त्याने विचारले. मी मातोश्रींच्या आजोळचे आडनाव सांगितले. त्याने मान हलविली. त्याला ते आडनाव ठाऊक नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. तो स्वतः वरच्या वाडीचा. त्याचे भाताचे खाचर गेले होते. "तुमचं घर गेलं, आमची जमीन गेली," एवढेच तो म्हणाला. आजोळी सुटीपुरते येणाऱ्यांच्या आठवणी आणि त्याचे खाचर एका पारड्यात घालण्याचे धैर्य मला झाले नाही.

जोत्यांच्या दोन ओळींमधून एक मोकळी पट्टी पाण्याकडे जात होती. ती वाट असावी. आम्ही सायकली हातात धरून तिच्यावरून चाललो. तीन दिवसांत प्रथमच चढ लागला नाही. चाके पाण्याला टेकली तेव्हा थांबलो.

घरी आल्यावर मातोश्रींनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिले, मग गूळपाणी दिले आणि मग विचारले, "वाट होती?"

"होती. पाण्यापर्यंत गेलो."

"फार चढ लागला का रे तुला?"

"नव्या रस्त्याला लागला. त्या वाटेला नाही."

"आमच्या वेळीही नव्हता," त्या म्हणाल्या, आणि निवडायची राहिलेली मेथी त्यांनी पुढे ओढली.