घरपोच भुते

पूर्वी भुताला स्वतःचा पत्ता असे. मुंजा पिंपळावर, साती आसरा विहिरीच्या काठी आणि चकवा गावाबाहेरच्या पांदीत. ज्याला भेटीची हौस असेल त्याने अवेळी तिकडे जावे आणि परत येऊन चार दिवस तापाने फणफणावे, अशी साधी रीत होती. आता दूध आणि गॅस यांच्याप्रमाणे भूतही घरपोच येऊ लागले आहे. महिन्याची वर्गणी भरली की बैठकीच्या भिंतीवर ते हवे तेव्हा हजर होते. आणि नकोसे झाले की एका बोटाने गप्प!

बीड जिल्ह्यात जत्रेच्या तंबूत सिनेमे पाहत वाढलेला मी माणूस. तंबूत भिण्याची एक शिस्त होती. हिचकॉकने तर १९६० साली 'सायको' दाखवताना, खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडू नये, असा दंडकच घातला होता. आमच्या घरी तो आला असता तर कपाळाला हात लावून परत गेला असता. 'अंधाधुन' (२०१८) पाहत होतो. समोरून प्रेत हलवले जात आहे आणि आंधळा म्हणवणारा तो पियानोवादक काही न दिसल्यासारखा वाजवीत बसला आहे. श्वास रोखून धरावा असा क्षण! नेमकी त्याच वेळी सौभाग्यवतींना दुधाची आठवण झाली आणि खून, पियानो, सारे जागच्या जागी गोठले. तेवढ्या अवकाशात नातवाने मोबाइलवर शेवट वाचून घेतला आणि सर्वांना फुकट सांगितला.

पण गेल्या पावसाळ्यात असे पुष्कळ चित्रपट पाहिल्यावर मला एक गोष्ट उमगली. भूत परके असेल तर दचकायला होते, भीती वाटत नाही. परदेशी हवेलीतले दार करकरले तर मनात येते, बिजागरीला तेल घाला. 'मुंज्या' (२०२४) मधले कोकणातले पोर मात्र हसवता हसवता ओळखीचे वाटते. कारण त्याचा पिंपळ आपण पाहिलेला असतो. 'तुंबाड' (२०१८) ची तीच गोष्ट. नारायण धारपांच्या कथेची प्रेरणा त्यामागे आहे. पहिल्या खेपेला त्याला फारसे प्रेक्षक लाभले नाहीत. २०२४ साली तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक कमाई करून गेला. त्यातला हस्तर भयंकर आहे खरा. पण अंगावर काटा येतो तो चार मोहरांसाठी पुन्हा पुन्हा त्या विहिरीत उतरणाऱ्या माणसाला पाहून.

आणि मग आम्ही 'लपाछपी' पाहिला. विशाल फुरिया यांचा हा २०१७ सालचा मराठी चित्रपट. त्यांनीच पुढे २०२१ साली तो हिंदीत 'छोरी' या नावाने केला. दिवस भरत आलेली एक बाई, चहूकडे माणसाच्या उंचीवरून गेलेला ऊस, मध्ये एकच घर आणि त्यात गोड बोलून जेवू घालणारी म्हातारी. शेवट सांगण्याचे पाप मी करणार नाही.

त्या दिवशी आमच्या शेजारची एक बाई पाहायला आली होती. दरसाल दिवाळीच्या सुमारास ती नवऱ्याबरोबर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जाते. नवराबायको मिळून एक 'कोयता', अशी तिकडची मोजणी. पाच-सहा महिने फडात आणि पाचटाच्या कोपीत राहायचे. मी सहज विचारले, "उसाची भीती वाटली का गं?"

"उसाला काय भ्यायचं, गुरुजी? आमचा जन्म गेला त्यात," ती म्हणाली. "अन् ती लेकरं दिसत्यात, त्यांचंबी भ्या न्हाई. ती म्हातारी मातर पहिल्यापासून वळखली मी. तसल्या लई बघितल्या."

समीक्षा अशी असावी! भूत उसात नव्हतेच, असे ती एका वाक्यात सांगून गेली. २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलग्यांमागे मुली होत्या ८०७. राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी, २००१ साली, त्या ८९४ होत्या. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा १९९४ पासून होता, तरीही! पडद्यावरचे भूत बोटाने बंद करता येते; हा आकडा बोटाने पुसता येत नाही. भयपटाने नुसते दचकवून सोडू नये, आपण कोणाला भ्यायला हवे ते दाखवावे, असे मला वाटते ते यासाठी. 'लपाछपी' तेवढे करतो, म्हणून घरातल्या मोठ्यांनी तो एकत्र बसून पाहावा आणि नंतर थोडे बोलावे.

आमच्याकडे ते बोलणे चहा होईपर्यंत चालले. उठताना शेजारीण सौभाग्यवतींना म्हणाली, "वहिनी, औंदा पोरीला संगं नेत न्हाई. दहावीचं वर्स हाय. म्हातारीपाशी ठिवते." लगेच, पोरगी रात्री अभ्यासाला आणि झोपायला आमच्याकडे येईल, असे सौभाग्यवतींनी परस्पर ठरवूनही टाकले. पोरगी भित्री आहे म्हणे, आणि बैठकीचा दिवा तिला उशिरापर्यंत लागणार. तेव्हा परीक्षा होईपर्यंत आमच्या घरची सारी भुते रजेवर आहेत.