उसळीची वाटी

माझी आई कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीने एक बारीक ठिपका काढायची. तो कशाचा, हे घरातल्या पुरुषांनी कधी विचारलं नाही. आम्हा बहिणींना ते पाळी आल्यावरच उमगलं. माझी लेकही तसाच ठिपका काढते. एकोणिसाव्या वर्षी सलग चार महिने तिचा ठिपका पडलाच नाही. नात्यातल्या बायका म्हणाल्या, "लग्न झालं की होईल सगळं नीट." हेच वाक्य तिच्या वयात मीही ऐकलं होतं. या वेळी मात्र तिला घेऊन डॉक्टरांकडे गेले.

निदान झालं पीसीओएसचं, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोमचं. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी 1935 मध्ये सात स्त्रियांच्या नोंदींवरून हा विकार मांडला होता. सोनोग्राफीत अंडाशयात दिसतात त्या खरं तर गाठी नव्हेत, अर्ध्यावर वाढ थांबलेली बीजपुटकं असतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते जास्त सोडतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं. मग बीज पिकत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?"

साडेदहा. उत्तर मी दिलं, आणि देताना माझाच आवाज खाली गेला.

पहिला महिना मी तिचं ताट वेगळं केलं. तिला काकडी-टोमॅटो, आम्हाला बटाट्याची भाजी आणि भात. ती मुकाट्याने जेवून उठायची आणि अकरा वाजता फरसाणाचा डबा वाजायचा. तिच्यावर रागावण्याआधी मी स्वतःचं स्वयंपाकघर नीट पाहिलं. उसळ एक पातेलं, आधी पुरुषांना वाढायची. आम्ही बसेपर्यंत तळाला नुसता रस्सा. भात मात्र उरायचा, आणि उरलेलं संपवणं बायकांचं काम. आईही अशीच शेवटी बसायची, भात आणि आमटीचं पाणी घेऊन. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, म्हणजे पुन्हा बहुतेक पिष्टच. कडधान्यं आमच्या घरात होती, ती आमच्या पानापर्यंत पोहोचत नव्हती.

आता मटकी दुप्पट भिजते. ओल्या फडक्यात घट्ट बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी मोड कापडातून बाहेर डोकावतात. आधी प्रत्येकाची वाटी भरायची, मग भाकरी, भात शेवटी. चतुर्थीला राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी. जेवण आठला, सगळ्यांचं एकत्र. मग घरातले आम्ही चौघेही सोसायटीला चकरा मारतो, कारण चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. अपुऱ्या झोपेनेही इन्सुलिनचं काम बिघडतं, म्हणून साडेदहाला दिवे बंद. गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा चालूच आहेत. आहार हा औषधाचा सोबती आहे, त्याच्या जागी येणारा नव्हे.

2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की या विकारासाठी अमुकच एक आहार सर्वांत चांगला, असं नाही. ते वाचून मला फार हायसं वाटलं. महागड्या बिया आणि परदेशी पिठं नसली तरी चालतात. वजन जास्त असेल तर ते पाच-दहा टक्क्यांनी उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. लेकीचं चार किलो उतरलं. सहाव्या महिन्यात तिने कालनिर्णयवर ठिपका काढला, लाल पेनाने, सगळ्यांना दिसेल असा.

घरातल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर लग्नाची वाट पाहू नका, डॉक्टरांकडे न्या. आणि आज रात्री वाढायला बसाल तेव्हा उसळीची पहिली वाटी तिच्या पानात वाढा. दुसरी स्वतःच्या.