डबीतल्या गोट्या

दिवाळीला पुण्याची मंडळी आमच्या तेलगावच्या घरी येतात ती एखादे यंत्र घेऊनच येतात. एका वर्षी मिक्सर आला; हिने त्यावर टोपडे शिवले आणि वाटण पूर्वीसारखे पाट्यावरच चालू ठेवले. एका वर्षी पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आले. ते आमच्या विहिरीच्या पाण्यावर रुसून दोन महिन्यांत बंद पडले. तेव्हा गेल्या दिवाळीत आमच्या अकरा वर्षांच्या नातवाने पिशवीतून खेळण्याचे यंत्र काढले, त्याच क्षणी मी मनातल्या मनात त्याची माळ्यावरची जागा नक्की करून टाकली.

तेलगाव ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बीडहून परळीकडे निघालात आणि वडवणी मागे पडली, की पुढे आमचे गाव लागते. माजलगावाहून धारूरकडे जाणारा रस्ता इथेच आडवा येतो, म्हणून दिवसभर एस्ट्यांची घरघर. जवळच साखर कारखाना. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्यांची निघायची गडबड असते. ट्रॅक्टरच्या मागे पोरेबाळे, भांडीकुंडी, शेळ्या असा सगळा संसार चढतो. अशा गावात ऐन नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी वीज गेली, ह्यात नवल ते कसले? टीव्ही बंद, पंखे बंद, पुण्याची मंडळी हवालदिल. नातू मात्र खुशीत. त्याचे यंत्र बॅटरीवर चालणारे होते.

ह्या यंत्राचे नाव निन्टेन्डो स्विच. जपानी आहे, २०१७ सालच्या मार्च महिन्यात बाजारात आले. मधोमध पडदा आणि दोन बाजूंना दोन कांड्या. त्या काढून हातात धरता येतात. एकेक कांडी म्हणजे दोन आगपेट्या एकापुढे एक ठेवल्यावर होईल एवढी. त्यातली एक माझ्या हातात देऊन नातू म्हणाला, "आजोबा, ही लाकडाची डबी आहे असं समजा. आत गोट्या आहेत. हलवून सांगा किती."

मी कांडी जराशी कलती केली आणि खरे सांगतो, दचकलो. आतून एक गोटी घरंगळत गेली, पलीकडच्या भिंतीवर टक्कन आदळली; तिच्या मागोमाग दुसरी; आणि मग किंचित उशिरा तिसरी, ती दुसरीच्या पाठीवर येऊन थांबली. मी कांडी कानाशी नेऊन पाहिली. उलटी केली. आत गोटी जाईल अशी जागाच नव्हती.

"तीन," मी म्हणालो.

तीनच होत्या. मग चिरंजीवांची पाळी. त्यांनी पाच सांगितल्या, निघाल्या सात. सूनबाईंनी चार सांगितल्या, निघाल्या दोन. पुन्हा मी. बरोबर. पुन्हा. बरोबर. "अण्णा, हे जमतं कसं तुम्हांला?" सूनबाई हसत म्हणाल्या. मी मिशीवर हात फिरवला. ह्याच संचात गाईची धार काढण्याचाही एक खेळ आहे. तोही नातवाने दाखवला, पण ज्याने आयुष्यभर दारात गाय बांधली त्याने त्याबद्दल न बोललेलेच बरे.

जमते कसे, ह्याचे उत्तर आमच्या आत्याकडे जाते. आत्याचे डोळे लहानपणी देवीत गेले. ती माहेरीच राहिली आणि घरातले पाणी तीच शेंदी. विहिरीच्या काठावर पाय रोवून ती पोहरा सोडायची आणि दोर हातातून सरकत असता खालची हकीकत सांगायची. "पूर्वेच्या अंगाला घासला. आता टेकला. कलला. भरतोय." मी सात-आठ वर्षांचा असेन. ती मला डोळे मिटायला लावून दोर माझ्या हाती देई. पोहरा पाण्याला टेकतो तेव्हा दोर क्षणभर हलका पडतो. मग एका बाजूला ओढ लागते, तो पोहरा कलल्याची खूण. आणि मग हळूहळू वजन चढत जाते. वीस हात खोल काय चालले आहे ते तळहातावर कळे. गोट्या मोजायला मी शिकलो तो तिथे.

नातवाचा मात्र ह्या उत्तराने अर्धाच समाधान झालेला चेहरा. त्याच्या मते खरी करामत यंत्राची. मग त्याने आणि त्याच्या बापाने मिळून जे मला समजावले ते असे. खेळाच्या यंत्राने हात थरथरवायचा ही कल्पना जुनी आहे. १९७६ साली सेगा कंपनीच्या मोटारसायकलच्या खेळात टक्कर झाली की हँडल हादरत असे. १९९७ साली निन्टेन्डोने आणि सोनीने घरच्या खेळांत हा हादरा आणला. त्यात एक छोटी मोटर असे आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला जड केलेले वजन. मोटर फिरली की वजन भेलकांडे आणि सारी मूठ थडथडे. पिठाच्या गिरणीच्या जोत्यावर हात ठेवावा तसे. पण मोटरला वेग घ्यायला वेळ लागतो आणि थांबायलाही. त्यामुळे बंदुकीची गोळी काय आणि भिंत कोसळणे काय, हाताला सगळे सारखेच. कुठे झाले हे तर मुळीच कळत नसे.

नव्या कांडीत फिरणारे काही नाही. एक लहानसे वजन स्प्रिंगवर बसवले आहे आणि चुंबकाच्या जोरावर ते सरळ रेषेत मागेपुढे हलते. सेकंदाच्या लहानशा अंशात सुरू होते, तितक्याच झटकन थांबते. म्हणून टिचकी ही टिचकी लागते आणि घरंगळणे हे घरंगळणे. त्यातून दोन हातांत दोन ठिकाणी अशी कंपने कमीजास्त केली, तर डावीकडून उजवीकडे काही सरकत गेल्यासारखे वाटते. सोनीच्या २०२० सालच्या यंत्रात तर वाळूतून चालणे निराळे आणि बर्फावरून घसरणे निराळे लागते म्हणे. पावसाचे थेंबही तळहातांत टपटपतात. बीड जिल्ह्यात हे यंत्र खपावे. निदान कुठेतरी पाऊस पडेल!

मला गंमत वाटली ती यंत्रापेक्षा कातडीची. बेकेशी नावाच्या शास्त्रज्ञाला कानाच्या अभ्यासाबद्दल १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कान कसा ऐकतो हे समजावे म्हणून तो माणसांच्या कातडीवर कंपनाचे प्रयोग करी. जवळजवळच्या दोन जागी एकाच वेळी कंपन दिले, तर माणसाला दोन कंपने लागतच नाहीत. मधल्याच एका जागी, जिथे कोणी स्पर्शही केलेला नाही, तिथे एकच लागते. १९७२ साली अमेरिकेत गेल्डार्ड आणि शेरिक ह्या दोघांनी ह्याहून मौजेची गोष्ट दाखवली. मनगटावर भराभर काही टिचक्या आणि लगेच कोपराजवळ काही टिचक्या मारल्या, तर हातावरून सशाचे पिल्लू उड्या मारत गेल्यासारखे वाटते. मधल्या जागी टिचकी नाही, काही नाही. पण ससा मात्र तिथूनच जातो. डोळे फसतात हे आपण नेहमी ऐकतो. कातडीही फसते, आणि किती आनंदाने फसते!

हे चालले असता नातवाने माझ्या डाव्या अंगाने चकल्यांची ताटली पुढे केली होती. मी घेतली नाही. त्याने ती तशीच धरून ठेवली. मग माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत म्हणाला, "आजोबा, डोळे मिटून नका ना खेळू. उघडे ठेवून खेळा."

"उघडेच आहेत रे," मी म्हणालो.

तो काही बोलला नाही. ताटली त्याने सावकाश उजवीकडे आणली आणि ती मला दिसली तेव्हा मी हात पुढे केला. पोर ते पाहत होते.

आता इथे मला कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी मला काचबिंदू सांगितला होता. डोळ्यातला दाब वाढतो, आतली शीर दबत जाते, आणि नजर कडेकडेने मिटत येते. दुखत नाही, खुपत नाही. समोरचे अक्षर शेवटपर्यंत वाचता येते, म्हणून आपले बरे चालले आहे असे माणूस स्वतःला सांगत राहतो. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घातले तर राहिलेली टिकण्याची आशा. ते थेंब मी आठवण झाली तर घाली. घरात कोणाला सांगितले नव्हते, हिलासुद्धा नाही. सांगितले असते तर काय झाले असते ते मला ठाऊक होते: घराला कुलूप, आम्ही दोघे पुण्याला, चौथ्या मजल्यावर. उंबऱ्याला ठेचाळलो की मी चपलेला बोल लावी. डाव्या हाताचा पेला सांडला की मांजराला.

रात्री अंगणात माझ्या शेजारच्या खाटेवरून नातू कुजबुजला, "आजोबा, तुम्ही सांगता का मी सांगू?"

पाडव्याच्या दिवशी जेवणे झाल्यावर मी सांगितले. चिरंजीव बराच वेळ सुपारी कातरत बसले. ते सुपारी खात नाहीत. मग जे व्हायचे ते झाले. "आजच्या आज निघा," इथपासून "दोन वर्षं तुम्ही मला फसवलंत," इथपर्यंत. हे शेवटचे वाक्य हिचे. त्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि अजून नाही. शेवटी तह झाला तो असा: थेंब वेळेवर, घड्याळाचा गजर लावून, हिच्या हातून, ठरलेल्या महिन्यांना पुण्यास तपासणी, आणि घराचे काय ते पुढच्या दिवाळीला पाहू. ती दिवाळी आता आली आहे. नव्या तपासणीत दाब उतरला आहे, पण डाव्या बाजूचा अंधार आहे तिथेच आहे.

मंडळी निघण्याच्या सकाळी मी नातवाला विहिरीवर नेले. आता तिथे विजेची मोटार आहे. पण कप्पी अजून टांगलेली आहे. दोर नवा लावला, बादली बांधली, आणि त्याला डोळे मिटायला सांगितले. पहिल्या दोन खेपांना त्याला काही कळेना. तिसऱ्या खेपेला दोर सरकत असता तो एकदम ओरडला, "आजोबा, घासली! ह्या बाजूला!" आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "टेकली."

"भरली का?"

"भरली."

ओढून पाहिली तर अर्धीच होती. मी ती पुन्हा खाली सोडायला लावली. तिकडे फाट्यावर पुण्याची गाडी हॉर्न देत होती.